कायमचं बक्षीस सुरू करायचंय, ठेव किती लागेल?

खानापूर_वाचनालय
एसएसएलसीला (कर्नाटकातली दहावी) मराठीत पहिल्या येणाऱ्याला वाचनालयातर्फे दरवर्षी १२,००० रुपये द्यायचेत, कायमचे. देणगीदार २ लाख देतायत. ६ टक्क्यांनी वर्षाचं व्याज बरोबर १२,००० होतं. पण समिती म्हणते, महागाई बघून बक्षीस दरवर्षी ४ टक्के वाढवू. मग २ लाख पुरतील का? आणि बक्षिसं जर अनंत वर्षं द्यायची, तर त्यांची बेरीज २ लाखांवर कशी थांबते?

पीयूसी_गणित
आधी दुसरा प्रश्न. वर्षानंतरच्या १२,००० ची आजची किंमत, म्हणजे ते द्यायला आज ठेवावी लागणारी रक्कम, १२,००० ÷ १.०६, त्यापुढच्या वर्षाची आणखी एकदा १.०६ ने भागून. ही भूमिती श्रेढी, गुणोत्तर १ ÷ १.०६. ते १ पेक्षा लहान, म्हणून बेरीज मर्यादित. बेरजेला ब म्हणा. सगळ्या पदांना १.०६ ने गुणलं की पुढे एक १२,००० येतो आणि मागे तीच श्रेढी उरते: १.०६ब = १२,००० + ब. म्हणून ब = १२,००० ÷ ०.०६ = २,००,०००.

लांबची पदं किती हलकी असतात बघा. पहिल्या २५ बक्षिसांची आजची किंमत सुमारे १,५३,४००, पहिल्या ५० ची १,८९,१४०. एक्कावन्नाव्यापासून अनंतापर्यंतची सगळी मिळून जेमतेम १०,८६०.

हिशेबनीस_निपाणी
वाढ धरली की गुणोत्तर १.०४ ÷ १.०६ होतं आणि भागायचं ०.०६ ने नाही, फरकाने, म्हणजे ०.०२ ने. १२,००० ÷ ०.०२ = ६ लाख. २ लाखांतून वाढतं बक्षीस दिलंत तर दुसऱ्याच वर्षी व्याज कमी पडून मुद्दलाला हात लागेल. २१ बक्षिसं निघतील, बाविसावं पूर्ण निघणार नाही. वाढ आणि व्याज सारखेच झाले तर गुणोत्तर १, मग कितीही मोठी ठेव अपुरीच.

खानापूर_वाचनालय
पहिलं बक्षीस यंदाच द्यायचंय. मग ६ लाख धरायचे ना?

हिशेबनीस_निपाणी
नाही दादा, इथंच बहुतेकांचं चुकतं. सूत्रातलं पहिलं पद वर्षानंतरचं असतं. यंदाचे १२,००० वेगळे काढा. पुढचं बक्षीस १२,४८०. ते ÷ ०.०२ = ६,२४,०००. एकूण ६,३६,०००.

पण या आकड्यावर विसंबू नका. बँक कायमचा दर देत नाही, मुदत संपली की नव्या दराने ठेवावं लागतं. व्याज ५ वर आलं तर फरक ०.०१ आणि एकूण गरज १२,६०,०००. एका टक्क्याने जवळजवळ दुप्पट!

म्हणून ठरावात बक्षिसाची रक्कम लिहूच नका, रीत लिहा: व्याजदरातून महागाईचा दर वजा करून उरेल तेवढे टक्के ठेवीचं बक्षीस, बाकी व्याज मुद्दलात. २ लाखांवर ते वर्षाअखेर ४,००० येतं. लहान आहे, पण महागाईबरोबर वाढत जाईल. महागाई व्याजापेक्षा जास्त असेल त्या वर्षी बक्षीस नाही, हेही त्यातच लिहा.

पीयूसी_गणित
ठेव कुठे ठेवताय तेही बघा. सौहार्द सोसायटी (कर्नाटकातली सहकारी पतसंस्था) दर जास्त देते म्हणून सूत्रात तो घातला की ठेव कमी लागते असं दिसतं, पण तिथल्या ठेवीला ठेव विमा नाही. बँकेत आहे, तोही एका बँकेत एका ठेवीदाराला व्याज धरून ५ लाखांपर्यंतच. ६ लाख जमले तर दोन बँकांत विभागा.