बोर्डचा दोष नाही, आधी वीज बघा

किट नीट जोडलंय, पण मॅक प्लस या अ‍ॅपलच्या जुन्या संगणकाला लावल्यावर ब्लूस्कझीचा (जुन्या हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड वापरू देणाऱ्या छोट्या बोर्डचा) दिवाच लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बोर्ड खराब समजू नका. १९८६च्या मॅक प्लसच्या २५ पिनांच्या स्कझी पोर्टवर (डिस्क वगैरे जोडायची जुनी जागा) टर्मिनेशनची वीज, म्हणजे ज्या विजेवर हा बोर्ड चालतो ती, मिळतच नाही. नंतरच्या बहुतेक डेस्कटॉप मॅकवर मिळते, म्हणून तिथे हाच बोर्ड लगेच चालतो. मोबाइलच्या चार्जरने यूएसबीतून ५ व्होल्ट द्या, मगच मॅक सुरू करा.

तरीही काही दिसलं नाही तर कनेक्टरचे सोल्डरचे टाके भिंगाखाली बघा. माझ्या बोर्डवर दोन पिनांमध्ये केसाएवढा कथिलाचा धागा राहिला होता, नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हता. फ्लक्स (कथिल नीट वाहू देणारा लेप) लावून सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक एकदा फिरवलं आणि तो सुटला. शेजारशेजारच्या पिना मल्टीमीटरने तपासा, पण काही पिना मुळातच ग्राउंडला जोडलेल्या असतात, तिथे बीप आला तर घाबरू नका.

कार्डावरच्या फाइलच्या नावात एचडी नंतरचा पहिला अंक म्हणजे स्कझी आयडी, त्या डिस्कचा ओळख क्रमांक. तिथे ७ नको, तो मॅकचा स्वतःचा.

आणि मशीन चालू असताना केबल काढू-घालू नका, प्लीज. ती स्कझी चिप आता सहज मिळत नाही.