सोसायटी ग्रुप: मुलांच्या गेममधली खरेदी, जबाबदारी कोणाची?

बी-७०४ ताई: एवढ्या रात्री मेसेज करतेय, सॉरी. पण आत्ताच पोस्टपेडचं बिल बघितलं आणि डोकं सुन्न झालंय. मुलाने गेममध्ये ३,१४० रुपये घालवलेत, ओटीपी नाही, पिन नाही, सरळ बिलात चढलेत. गेमचं नाव इथे घेत नाही. पण तो म्हणतो टेरेसवर सगळेच गेममधली नाणी घेतात, आणि ज्यांना घरून पैसे मिळत नाहीत ते आपल्याच सोसायटीतल्या एका दादाला कॅश देतात, तो टॉप-अप मारून देतो. ५० मागे १० रुपये त्याचे. दहा-अकरा वर्षांची पोरं आहेत हो ही. कोणाला माहीत होतं का?

सी-१०२ काका: मुलांना मोबाईल देऊच नका. विषय संपला.

बी-३०१ वहिनी: माझ्या मुलीचे ओवाळणीचे ५०० असेच गेले वाटतं, मला म्हणाली वह्या आणल्या. कोण दादा ते सरळ सांगा ना. चोरीच आहे ही.

ए-६०२: चोरी हा शब्द जरा जपून. नाव न घेता बोलताय पण रोख कोणावर आहे ते सगळ्यांना कळतंय. माझ्या मुलाने कोणाच्या खिशात हात घातला नाही, पोरं स्वतः येतात मागायला.

ए-५०१: ताई, भांडण नंतर, आधी एक काम करा. खरेदीला ४८ तास झाले नसतील तर गूगल प्लेवर रिफंडची रिक्वेस्ट टाका. जास्त झाले असतील तर गेम कंपनीला लिहावं लागतं, ते देतीलच असं नाही. मग प्ले स्टोअरच्या पेमेंटमध्ये जाऊन फोनबिलवाला पर्याय उडवा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करून ठेवा. आयफोनवाल्यांनी फॅमिली शेअरिंगमध्ये आस्क टू बाय चालू करा, मूल काही घ्यायला गेलं की तुमच्या फोनवर विचारणा येते.

बी-७०४ ताई: थँक्यू रे. मोठी खरेदी कालचीच आहे, लगेच टाकते.

ए-१०४ आजोबा: २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगवर बंदीचा कायदा झाला ना? मग हे चालू कसं?

ए-५०१: आजोबा, ती बंदी पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे. यात पैसे देऊन कपडे, बंदुकीचा रंग असलं काहीतरी मिळतं, रोख काही परत येत नाही.

बी-३०१ वहिनी: बंदुकीच्या रंगाला पैसे???

सी-१०२ काका: म्हणूनच सांगतोय, मोबाईल देऊच नका.

ए-६०२: मग खाली खेळू द्या ना काका. मे महिन्यात बॅट कोणी काढून घेतली होती?

सी-१०२ काका: माझ्या गाडीची काच फुटली होती.

बी-२०५: काका तुमची गाडी दोन स्लॉट अडवून उभी असते, पोरांनी बॉल मारायचा कुठे, मुलुंड स्टेशनला? 😄

सेक्रेटरी: पार्किंग इथे नको प्लीज. उद्या टाकी साफ होणार, ११ ते २ पाणी नाही.

ए-५०१: वहिनी, रंगाला पैसे हे आजचं नाही. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन गेममध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं, लोकांनी जाम शिव्या घातल्या आणि तरी विकत घेतलं. कंपन्या शिव्या बघत नाहीत, खप बघतात. उलट २०१७ मध्ये बॅटलफ्रंट २ या गेमच्या वेळी गेमर खरंच खवळले तेव्हा ईए या कंपनीला लाँचच्या आदल्या दिवशी गेममधली खऱ्या पैशांनी होणारी खरेदी बंद करावी लागली, पुढे चालू केली ती नुसत्या दिखाऊ वस्तूंची. म्हणून म्हणतो गिऱ्हाईकाने जबाबदारी घ्यायलाच हवी. आणि पैसे देऊन घेतलेलं सगळंच वाईट नसतं. विचर ३ या गेमचे दोन मोठे भाग नंतर आले, २०१५ आणि २०१६ ला, मी दोन्ही घेतले, नवीन कथा, तासन् तास खेळ, पैसे वसूल. काय घेतोय ते आधी माहीत होतं. गेममधली बंद पेटी, म्हणजे लूट बॉक्स, घेताना आत काय निघेल तेच माहीत नसतं.

बी-२०५: पाणी ११ ते २ की १ ते २?

बी-७०४ ताई: तुझं पटतंय, पण तू कमावतोस. मी आत्ता मुलाला शेजारी बसवून ते दुकान बघितलं. त्याला हवी ती बॅग ८० नाण्यांची. नाणी मिळतात ६० ची नाहीतर ३२५ ची. ६० मध्ये भागत नाही, दोनदा घेतली की ४० उरतात, त्या ४० मध्ये काहीच येत नाही म्हणून परत ६० घ्या. बॅगेखाली रुपये कुठेच लिहिलेले नाहीत. वर कोपऱ्यात घड्याळ उलटं चाललंय, ऑफर संपणार म्हणून. मी दिवसभर अकाउंट्स करते, मला हिशोबाला कागद घ्यावा लागला. दहा वर्षांच्या मुलाने यात कसली जबाबदारी घ्यायची? माझी जेवढी आहे तेवढी मी घेते, पण हे दुकान मांडणाऱ्याची काहीच नाही का?

ए-४०३ मॅडम: आहे ना. १८७२ च्या करार कायद्यात अठराच्या आतल्या मुलाशी केलेला करार टिकतच नाही. खोटी घाई दाखवून विकणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या मांडणीच्या, नियमांत नावानिशी आहे, असे १३ प्रकार दिलेत. ते घड्याळ खोटं असेल, म्हणजे ऑफर संपून परत तशीच येत असेल, तर धरता येईल. बेल्जियमने २०१८ मध्येच काही गेममधल्या पेट्यांना जुगार ठरवलं. फोर्टनाइट गेमच्या कंपनीला अमेरिकेत, बटणांच्या मांडणीमुळे नकळत खरेदी होते म्हणून, गिऱ्हाईकांसाठी २४.५ कोटी डॉलर मोजायला लागले, २०२२ च्या डिसेंबरमध्ये ठरलं ते. आपल्याकडे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार करता येते. आणि ६०२, राग नको, पण लहान मुलांकडून कॅश घेऊन वर १० रुपये ठेवणं हा धंदा झाला.

सी-१०२ काका: कायदे राहू द्या. मोबाईलच देऊ नका.

ए-४०३ मॅडम: काका, शाळेचा होमवर्क मोबाईलवर येतो. तुम्ही हे तिसऱ्यांदा लिहिलंत.

सी-१०२ काका: चौथ्यांदा. कोणी ऐकत नाही म्हणून.

ए-६०२: मी मुलाशी बोलले. चार मुलांचे मिळून ८६० रुपये, त्याने वहीत लिहून ठेवलेत. उद्या संध्याकाळी प्रत्येकाच्या घरी जाऊन देते. पण वहिनी, तो चोरीवाला मेसेज आधी काढा, बारावीचं वर्ष आहे त्याचं.

बी-३०१ वहिनी: काढला. शब्द चुकला, मान्य. पण वरचे १० रुपये कशाला घेत होता तेही विचारा.

ए-६०२: विचारलं. त्यालाही नाणीच घ्यायची होती त्यातून.

सेक्रेटरी: रविवारी सकाळी ११ ला क्लबहाऊस उघडं ठेवतो. ५०१ सगळ्यांच्या फोनची सेटिंग करून देईल. येताना पासवर्ड आठवून या.

बी-७०४ ताई: रिफंडची रिक्वेस्ट गेली. ४०३ मॅडम, १९१५ च्या तक्रारीत काय लिहायचं ते मला पाठवा. घड्याळाचा आणि नाण्यांच्या भावाचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, उद्या परत बघते ऑफर संपलीय का.