मदत हवी आहे : ‘सिसिलिया’ म्हणजे ‘आंधळी’, हे दहा वर्षांच्या मुलीला कसं सांगू?

गोधडी :

नमस्कार. माझ्या भाचीचं नाव सिसिलिया. ती २२ नोव्हेंबरला जन्मली. तो संत सिसिलियाचा दिवस, म्हणून बहिणीने हे नाव ठेवलं. घरात सगळ्यांची ती सिसी.

मागच्या महिन्यात तिच्या वर्गात प्रत्येकाला आपल्या नावाचा अर्थ सांगायचा होता. सिसीने सांगितलं, ‘संगीताच्या संताचं नाव.’ दुसऱ्या दिवशी एक मुलगा नेटवर शोधून आला आणि म्हणाला, हे लॅटिन नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘आंधळी’. वर्ग हसला. घरी आल्यावर तिने मला विचारलं, “मावशी, तुला माहीत होतं?” मी पटकन म्हणून गेले, “नाही गं, काहीतरीच सांगितलंय त्याने.” रात्री शोधलं तर तो मुलगा बरोबर निघाला. तेव्हापासून मला चैन नाही. मी तिच्याशी खोटं बोलले आणि अजून ते तसंच राहिलंय.

येत्या वाढदिवसाला ती दहा वर्षांची होईल. तिच्या नावाच्या बायकांची एक छोटी पुस्तिका हाताने लिहून तिला द्यायची असं ठरवलंय. आतापर्यंत दोघी सापडल्या आहेत. पहिली अर्थातच संत. आख्यायिका अशी की रोममध्ये तिच्या लग्नात वाद्यं वाजत होती आणि ही मनातल्या मनात फक्त देवासाठी गात होती. एवढ्या एका ओळीवरून पुढे ती संगीताची आश्रयदाती झाली. रोममधल्या त्रास्तेव्हेरे भागात तिचं चर्च आहे. तिथे १५९९ साली तिची शवपेटी उघडली गेली आणि स्तेफानो मादेर्नो या तरुण शिल्पकाराने तिचा संगमरवरी पुतळा घडवला. कुशीवर पडलेली, चेहरा पलीकडे वळवलेला, मानेवर घाव. नुसता फोटो पाहूनही माझा आवाज बसला.

दुसरी चेचिलिया गालेरानी. मिलानच्या दरबारातली, कविता करणारी मुलगी. लिओनार्दो दा विंचीने १४९० च्या सुमारास तिचं चित्र काढलं, हातात पांढरं अर्मिन (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी) घेतलेलं. ते आज पोलंडमध्ये क्राकूवला आहे. १४९८ साली मांतुआची राणीसारखी सरदारीण इझाबेला देस्ते हिने ते चित्र पाहायला मागितलं, तेव्हा चेचिलियाने कळवलं की पाठवते, पण आता मी तशी दिसत नाही, ते काढलं तेव्हा मी फार लहान होते. हे वाचून मला ती एकदम शेजारच्या घरातली वाटली.

मला विचारायचंय ते असं. नावाचा अर्थ खरंच तोच आहे का, की दुसरीही एखादी व्युत्पत्ती आहे? अजून कोणकोण घेऊ? आणि एकाच नावाचं मी कधी सिसिलिया तर कधी चेचिलिया लिहितेय, ते चालेल का? पुस्तिकेत अर्थ लिहायचा की गाळायचा, हेही अजून ठरत नाही.

जुनीपानं :

गोधडीताई, अर्थ तोच आहे. लॅटिनमध्ये ‘काएकुस’ म्हणजे आंधळा. त्यावरून काएकिलिउस हे कुळाचं नाव आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप काएकिलिया. पण एक गोष्ट सिसीला जरूर सांगा. रोमन मुलींना बहुधा वेगळं नाव ठेवतच नसत. कुळाचं नाव स्त्रीलिंगी केलं की झालं मुलीचं नाव. युलिउसांच्या घरातली ती युलिया, काएकिलिउसांच्या घरातली ती काएकिलिया. बहिणी असल्या तरी सगळ्या काएकिलियाच, मग थोरली-धाकटी म्हणून ओळखायच्या. म्हणजे हे मुळात आपल्या आडनावासारखं आहे. काळे गोरे असतात, आंधळे आडनावाच्या माणसाला लख्ख दिसतं. आपल्याकडे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणतात ते याच अनुभवावरून.

कुळाला हे नाव कसं पडलं याची जुनी दंतकथाही गोड आहे. प्राएनेस्ते नगर वसवणारा काएकुलुस हा अग्निदेव व्हल्कनचा मुलगा. तो चुलीजवळ सापडला, धुराने त्याचे डोळे बारीक झाले होते, म्हणून ते नाव. काएकिलिउस मंडळी आपलं मूळ त्याच्याशी जोडत. दहा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट आवडेल.

दुसरी व्युत्पत्ती म्हणाल तर मध्ययुगात लोकांनी बऱ्याच रचल्या. १३ व्या शतकात याकोबुस दे वोराजिने याने संतांच्या कथा लिहिल्या. त्यात त्याने या एका नावाची फोड ‘स्वर्गातलं कमळ’ (खरं तर लिली), ‘आंधळ्यांची वाट’, ‘जिच्यात आंधळेपणा नाही ती’ अशी वेगवेगळी केली आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने यात काही अर्थ नाही, पण माणसांनी या नावावर किती जीव लावला ते दिसतं. सिसिली बेटाशी मात्र नावाचा काही संबंध नाही. ते बेट तिथल्या सिकेल लोकांवरून ओळखलं जातं.

पुस्तिकेत काएकिलिया मेतेल्ला घ्याच. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली. रोमबाहेर आप्पिया मार्गावर तिचं गोल बुरुजासारखं भलंमोठं थडगं अजून उभं आहे. मध्ययुगात एका सरदार घराण्याने त्याचा चक्क किल्ला केला. तिच्याबद्दल आपल्याला कळतं ते दगडावर कोरलेलं तेवढंच : कोणाची मुलगी, कोणाची बायको. आता गंमत बघा. तो रस्ता इसवी सनापूर्वी ३१२ साली ज्याने सुरू केला त्या आप्पिउस क्लाउदिउसला म्हातारपणी दिसेनासं झालं आणि इतिहासात तो आप्पिउस क्लाउदिउस काएकुस म्हणूनच ओळखला जातो. आंधळा आप्पिउस. रोमला पहिला जलमार्गही त्यानेच दिला. रोमन लोक हे नाव उघडपणे घेत, त्यात लपवण्यासारखं काही मानत नसत.

लेखनाचं म्हणाल तर जी बाई ज्या भाषेतली, तिचा उच्चार तसा लिहा. इटालियन चेचिलिया, स्पॅनिश सेसिलिया, फ्रेंच सेसील, इंग्रजी सिसिलिया. आयर्लंडमध्ये याच नावाचं ‘शीला’ झालं! आपली संस्कृत शीला वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही, पण कानाला दोघी सारख्याच.

ध्रुवतारा :

खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन सुटली की! तिच्याशिवाय ही पुस्तिका होऊच शकत नाही. जरा सविस्तर लिहितो, हवं तेवढं घ्या.

जन्म १९०० साली इंग्लंडमध्ये, वेंडोव्हरला. केंब्रिजला शिकायला गेली. तिथे खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांचं १९१९ च्या सूर्यग्रहणावरचं व्याख्यान ऐकलं आणि इतकी भारावली की खोलीवर जाऊन सगळं व्याख्यान जसंच्या तसं लिहून काढलं. शिक्षण पूर्ण केलं तरी पदवी नाही, कारण केंब्रिज १९४८ पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. मग १९२३ मध्ये ती अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत गेली.

तिथे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या काचेच्या तबकड्या ढिगाने होत्या. वर्णपटातल्या काळ्या रेषांवरून ताऱ्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. तोवर सगळे धरून चालले होते की सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच मालमसाल्याचा, लोखंड वगैरेचा. पेनने आपल्या मेघनाद साहांचं १९२० सालचं समीकरण हाताशी घेतलं. किती तापमानाला आणि किती दाबाला अणूंमधले किती इलेक्ट्रॉन सुटतात हे त्यावरून काढता येतं. त्यामुळे रेष ठळक दिसली म्हणजे ते मूलद्रव्य जास्त, असा सरळ हिशेब राहत नाही. तिने नव्याने हिशेब मांडला तर उत्तर आलं की हायड्रोजन धातूंच्या सुमारे दहा लाख पट आहे. तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत.

त्या काळचे मोठे खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी कळवलं की हे अशक्य आहे. पंचविशीतली मुलगी काय करणार? १९२५ च्या प्रबंधात तिने आपल्याच उत्तराबद्दल लिहिलं की ते जवळजवळ नक्कीच खरं नसावं. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोहोचले. त्यांनी तिच्या कामाचा उल्लेख केला, तरी श्रेय बराच काळ त्यांच्याच नावावर राहिलं. हार्वर्डमध्ये ती वर्षानुवर्षं शिकवत होती, पण प्राध्यापकपद मिळायला १९५६ उजाडलं. मग विभागप्रमुखही झाली. १९७९ साली गेली. हे वाचताना मला अजून राग येतो.

शेवटच्या पानावर असं लिहाल का : ‘नावाचा अर्थ आंधळी, पण जिने तारे पाहिले’? मुलीला उभारी येईल.

कानसेन :

ध्रुवतारा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा ऐकला. पेनची हकिकत फार सुंदर सांगितलीत. पण ती शेवटची ओळ पुस्तिकेत नको.

मी जन्मापासून आंधळा आहे. हा धागा मला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. ‘आंधळी, पण’ मधला तो ‘पण’ मला आयुष्यभर ऐकू आलाय. आंधळा, पण हुशार. आंधळा, पण स्वतःचं स्वतः करतो. या ओळीने सिसीला काय कळेल? की वर्ग हसला ते बरोबरच होतं, तिच्या नावात खरोखर काहीतरी खोट आहे आणि ती भरून काढायला तारे आणावे लागले.

गोधडीताई, तुम्ही मुद्दाम खोटं बोलला नाहीत, घाबरलात. पण अर्थ गाळू नका. ‘हो, तुझ्या नावाचा अर्थ आंधळी. जगात आंधळी माणसं असतात, त्यांच्यासाठी हा शब्द आहे,’ एवढं पुरे. हसणाऱ्या मुलांना उत्तर द्यायचं असेल तर तेही यातच आहे.

आणि एक सुचवू? मुखपृष्ठावर तिचं नाव ब्रेलमध्ये लिहा. लुई ब्रेल स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि त्याने संगीतासाठीही लिपी बसवली. संगीताच्या संताच्या नावाला हे शोभतं. मराठीसाठी भारती ब्रेल आहे. त्यात काना-वेलांटी अक्षरानंतर स्वतंत्र घरात येते. प्रत्येक घरात टिंबांच्या सहा जागा : डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. सिसिलिया असं येईल :

स २-३-४, इ २-४, स २-३-४, इ २-४, ल १-२-३, इ २-४, य १-३-४-५-६, आ ३-४-५.

शेवाळ :

मध्येच येते. देवगांडूळ माहीत आहे का? गांडुळासारखं दिसणारं, पण बेडकाच्या नात्यातलं उभयचर. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये यांच्यातल्या एका प्रजातीगटाला सिसिलिया हेच नाव दिलं आणि त्यावरून सगळ्या देवगांडुळांना इंग्रजीत सिसिलियन म्हणतात. डोळे कातडीखाली असतात, उजेड-अंधार तेवढा कळतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक बारीकशी स्पर्शिका असते, तिने वास आणि स्पर्श घेत ते मातीत शिकार शोधतात. काही जातींत आईच्या कातडीचा वरचा थर स्निग्ध आणि जाड होतो आणि पिल्लं तोच खाऊन वाढतात. मुलांना हे सांगितलं की डोळे विस्फारतात. सिसीला विचारून बघा, पुस्तिकेत हवंय का.

जुनीपानं :

कानसेन यांच्याशी पूर्ण सहमत. वर मीही ‘आडनावासारखं आहे’ म्हणत अर्थाला बगलच दिली, हे त्यांचं वाचल्यावर लक्षात आलं. माहिती खरी आहे, पण ती अर्थ सांगून झाल्यावर द्या, अर्थाऐवजी नको.

राहून गेलेलं एक : सेसिलिया ग्रीअरसन. अर्जेंटिनातली पहिली स्त्री डॉक्टर, १८८९ साली पदवी घेतली. जन्म २२ नोव्हेंबर १८५९, म्हणजे सिसीचाच वाढदिवस. आणि गाणाऱ्यांतली आजची चेचिलिया बार्तोली. रोमची, १९६६ चा जन्म, आईवडील दोघंही गायक आणि शिकली ती सांता चेचिलियाच्या नावाच्या संगीतशाळेत.

ध्रुवतारा :

कानसेन, पटलं. ओळ मागे घेतो. चुकलोच.

गोधडी :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सिसीला जवळ घेऊन सांगितलं. आधी हे, की त्या दिवशी मी चुकीचं बोलले. मग अर्थ. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे तो खरं सांगत होता, पण हसायला नको होतं.” मी म्हटलं, हो. कानसेन यांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. देवगांडूळ हवंच आहे, तेही पहिल्या पानावर, संताच्याही आधी. ग्रीअरसनबाईंचा वाढदिवस आणि आपला एकच, हे तिने सकाळपासून तिघांना सांगितलंय.

वाढदिवसाची वाट पाहणं आता होत नाही, पुस्तिका आम्ही दोघी मिळूनच करतोय. तिने कागदावर आठ घरं आखून टिंबं मोजली, तेवीस भरली. कानसेन, एक विचारायचंय : जाड कार्डशीट आणि बोथट केलेली दाभण एवढंच आहे. टिंबं मागच्या बाजूने टोचायची, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहायचं ना?

कानसेन :

बरोबर. नाव उजवीकडून सुरू करायचं आणि प्रत्येक घरही आरशातल्यासारखं उलटं, म्हणजे १-२-३ उजव्या बाजूला येतील. एका घरातल्या टिंबांमध्ये साधारण अडीच मिलिमीटर अंतर ठेवा, दोन घरांत थोडं जास्त. खाली मऊ काहीतरी घ्या, नाहीतर कागद फाटतो. झालं की सिसीला डोळे मिटून वाचायला लावू नका, तिला हवं असेल तर ती स्वतःच मिटेल. आणि पुस्तिकेचा मजकूर इथे टाका, मला ऐकायचाय.