बोटं गेली, आता नोकरीही? हलकं काम देणं मालकावर बंधनकारक हवं का?

ऐरोलीकर: मेहुणा रबाळे एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होता. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. तीन महिने ईएसआयवर (कामगार विम्यावर) काढले, डॉक्टरांनी फिट लिहून दिलं. सोमवारी डबा घेऊन गेला, तर गेटवरच विचारणा: "प्रेस चालवता येईल? नाही ना? मग दोन महिन्यांनी बघू." लेखी काही नाही. तो डबा त्याने रबाळे स्टेशनच्या बाकड्यावर बसून डाव्या हाताने खाल्ला. माझं मत सरळ आहे. ज्याच्या मशीनवर बोटं गेली, त्यानेच हलकं काम द्यावं.

महापेवाला: वाईट वाटलं, पण मालकाची बाजूही ऐका. माझ्याकडे चौदा माणसं. पाच प्रेस, एक शिअरिंग आणि पॅकिंगला दोन बायका, दोघी दहा वर्षांपासून. त्यातल्या कोणाला घरी पाठवू? दरमहा सव्वातीन टक्के ईएसआय भरतो ते याचसाठी ना?

तुर्भे_युनियन: ईएसआय पैसे देते, काम नाही. उपचार चालू असेपर्यंत रोजाच्या 90 टक्के मिळतात. त्या काळात माणसाला काढायचं नाही, हे 1948 च्या ईएसआय कायद्यात कलम 73 मध्ये घातलेलं होतं. गोम अशी की ते कवच उपचारापुरतंच. माणूस फिट झाला की उघडा पडतो!

वाशीची_लेक: सरकारी नोकरीत असं होत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 20 आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद, तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे त्याच्यासाठी खास तयार केलेली जादा जागा. खासगीवाल्यांची बोटं काय वेगळी असतात?

महापेवाला: सरकारला पगार खिशातून द्यावा लागत नाही, ताई. अधिसंख्य पद माझ्या गाळ्यात कुठे मांडू, पोटमाळ्यावर?

वाशीची_लेक: पन्नास-शंभर माणसांच्या कंपन्याही हेच ऐकवतात. चौदावाल्याला सूट द्या हवी तर, पण त्याच्या आडून मोठे सुटायला नकोत.

तुर्भे_युनियन: ऐरोलीकर, वाद नंतर. हजर व्हायला आलो होतो असा अर्ज द्या, सोबत फिट सर्टिफिकेटची झेरॉक्स, आणि पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्ट करा. नाहीतर "तो स्वतःच आला नाही" असं लिहून मोकळे होतील. बोटांसाठी मेडिकल बोर्डाकडेही अर्ज करा. ते कायमचं पेन्शन नोकरी असली तरी मिळतं. आणि हो, प्रेसला दोन हातांची बटणं होती ना?

महापेवाला: हे मीही विचारणार होतो. दोन्ही बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडतच नाही, मग हात आत गेला कसा? कामगारच एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात, माल लवकर निघावा म्हणून.

ऐरोलीकर: पट्टी होती. सुपरवायझरने लावलेली, नाइट शिफ्टचं टार्गेट होतं. मेहुणा म्हणतो, आज त्याच मशीनवर नवा पोरगा उभा आहे. अर्ज उद्या सकाळी देतोय, पट्टीचंही लिहिणार आहे त्यात.