वहीतलं गणित कुणाचं?

हिंगणघाटचा मामा
माझा भाचा दोन मित्रांसोबत बुटीबोरी एमआयडीसीत छोटी कंपनी चालवतो. आपल्या मे महिन्यात ई-रिक्षाची बॅटरी तापून बसते. किती तापल्यावर करंट किती कमी करायचा, हे गणित या पोरांनी तीन उन्हाळे रिक्षात मागे बसून वहीत मांडलं. एका परदेशी वाहन कंपनीचे इंजिनिअर आले, ‘ट्रायल घेऊ, मग ऑर्डर देऊ’ म्हणाले आणि वहीच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून गेले. ऑर्डर आलीच नाही. वर्षभरानं त्यांच्या तीनचाकीत तेच आकडे! पोरांजवळ गोपनीयतेचा करार नाही. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा वेगळा कायदाही नाही. विधी आयोगानं मार्च २०२४ मध्ये, २८९व्या अहवालात, तो करा असं सुचवलं आहे. तो लवकर व्हावा.

वणीचा लोहार
मामा, मले हे पटत नाही. कायदा आला का पहिला दणका आमच्यासारख्यालेच बसन. माझ्या आज्यानं शेजारच्या गावची तिफण पाहून तिफण केली, डवरा केला. कारखाना सोडून आलेला फिटर हातातली कला कुठं ठेवून येईन? आज १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे, म्हणून ‘दुसरीकडे काम करू नको’ ही अट नोकरी सोडल्यावर चालत नाही. ते राहू द्या.

अमरावतीची वकील
लोहारदादा, तिफण बाजारात उभी असते. कुणीही पाहावी, खोलावी, तशी करावी. ते गुपित नव्हेच. वही विश्वासानं दाखवली होती, फरक तिथे आहे. जॉन ब्रॅडी नावाच्या अमेरिकी माणसाचं चारा उगवायचं यंत्र होतं. पॅनेल बनवून घ्यायला त्यानं इथल्या कंपनीला ड्रॉइंग दिली. सौदा फिसकटला आणि कंपनीनं तसंच यंत्र काढलं. दिल्ली उच्च न्यायालयानं १९८७ मध्ये तिला मनाई केली. वेगळा कायदा तेव्हाही नव्हता. तिथे परदेशी माणूस जिंकला. मग तोच नियम बुटीबोरीच्या पोरांना का नको?

निवृत्त खरेदी अधिकारी, नागपूर
मी गाड्यांच्या धंद्यात आयुष्य काढलं. गुपितं मोठ्यांचीही जातात. १९९३ मध्ये जनरल मोटर्सचे खरेदीप्रमुख लोपेझ फोक्सवॅगनमध्ये गेले, कागदपत्रं नेल्याचा आरोप झाला. तडजोड जानेवारी १९९७ मध्ये: १० कोटी डॉलर रोख, शिवाय १०० कोटींचे सुटे भाग घ्यायची हमी. दोन अजस्र कंपन्यांना चार वर्षं लागली. ही पोरं कुठवर तग धरणार? आणि बॅटरीचं रसायन एकच असेल, तर दोघांचे आकडे जुळू शकतात. चोरीच म्हणायची घाई नको.

हिंगणघाटचा मामा
साहेब, बरोबर आकडे जुळले असते तर मीही गप्प बसलो असतो. दुसऱ्या उन्हाळ्यात एक सेन्सर नीट चिकटला नव्हता, म्हणून एका रकान्यात सगळं तापमान दोन अंशांनी चुकलं. पोरांनी त्यांच्या गाडीला लॅपटॉप लावून पाहिलं. तीच चूक, त्याच जागी. चूक कोणत्या रसायनातून आली?

वणीचा लोहार
असं असन तर ही नक्कल नाही, चोरीच आहे. माझं म्हणणं फिटरपुरतं कायम.

अमरावतीची वकील
मामा, रकाना कोणता ते इथं लिहू नका. वही कुलपात ठेवा. त्यांचे मेल, व्हॉट्सॲप आणि ते आले त्या दिवसाची गेटवरची नोंद काढून आणा. तातडीची मनाई मागायची की आधी मध्यस्थीला जायचं, ते वही पाहून ठरवू.