फेजचा करंट सारखा नाही म्हणून हीटिंग केबल बदलायची का?

रबाळे_मेंटेनन्स
स्टिअरिक अ‍ॅसिडच्या पाइपलाइनवर सेल्फ-रेग्युलेटिंग (तापमानानुसार उष्णता आपोआप कमीजास्त करणाऱ्या) हीटिंग केबलची तीन सर्किट आहेत, एकेका फेजवर एक. क्लॅम्प मीटरवर आर फेज १६, वाय ११, बी १९ अँपिअर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वायची केबल गेली, नवी टाका. माझा याला ठाम विरोध आहे. या केबलच्या दोन तारांमधल्या कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, म्हणजे पाइप गरम झाला की करंट आपोआप उतरतो. वायचं सर्किट टाकीच्या स्टीम कॉइलला लागून जातं, तिथला पाइप मुळातच गरम. लांबी, व्होल्टेज आणि पाइपचं तापमान शेजारी लिहिल्याशिवाय नुसत्या अँपिअरवरून निकाल देऊच नये. एमआयडीसीत चांगली केबल अशीच भंगारात जाते आणि खरा दोष जागेवर राहतो.

तळोजा_शिफ्ट_बी
नाही पटलं. शुद्ध स्टिअरिक अ‍ॅसिड ६९ अंशांच्या आसपास गोठतं. लाइन जाम झाली तर वाचवलेल्या केबलच्या कितीतरी पट नुकसान. आणि ही केबल जुनी झाली की उष्णता कमी देते, करंटही उतरतो. वायचं तेच झालं नसेल कशावरून? शटडाउन मिळतोय तर बदलून मोकळे व्हा.

रबाळे_मेंटेनन्स
कमिशनिंगच्या (केबल पहिल्यांदा सुरू केली तेव्हाच्या) नोंदीवरून कळेल ना! आणि बीकडे कुणी बघतच नाही. त्या फेजच्या बाहेरच्या भागात लॅगिंगचा (पाइपवरच्या उष्णतारोधक आवरणाचा) पत्रा उघडला, आतलं रॉकवूल दाबलं तर पाणी निथळलं. ओलं लॅगिंग उष्णता ओढून घेतं, केबल जास्त करंट घेते, तरी पाइप गार. दुरुस्ती तिथे हवी.

महापे_पॅनल
रबाळेदादा, तुमचं म्हणणं सेल्फ-रेग्युलेटिंगपुरतं बरोबर. सिरीज केबलवाल्यांनी (जिथे एकच सलग तार तापते) हे वाचून निर्धास्त होऊ नये. तिथे रेझिस्टन्स लांबीवर ठरतो. दुरुस्तीत ५० मीटरची केबल ४५ झाली, तर त्याच व्होल्टेजला करंट ११ टक्के वाढतो, पण दर मीटरची उष्णता २३ टक्के. तिन्ही फेजच्या केबलची एकेक टोकं एकत्र जोडलेल्या स्टारला न्यूट्रल नसेल तर बाकीच्या दोन फेजचं व्होल्टेजही सरकतं. अशा ठिकाणी फरक दिसला की आधी सर्किट बंद करा, मग कारण शोधा.

तळोजा_शिफ्ट_बी
हे मान्य. पण रबाळेच्या सर्किटचं मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्सचं रीडिंग) कुठे आहे? दोन्ही तारा एकत्र करून केबलवरच्या धातूच्या जाळीशी २५०० व्होल्टला घ्या. ५०० वर पास झालेली केबल टोकाच्या एंड सीलमध्ये पाणी असेल तर २५०० ला पडते, पावसाळ्यात तर हमखास. तिथे २० मेगओहमच्या खाली आलं तर सील उघडा. त्याआधी केबल चांगली आहे असं लिहून देऊ नका.

रबाळे_मेंटेनन्स
मेगर घेतो. शटडाउनमध्ये पाइप गार झाल्यावर वाय सुरू करून पाच मिनिटांनी रीडिंग घेणार, तेव्हाच्या पाइपच्या तापमानासकट. कमिशनिंगला गार पाइपवर घेतलेली नोंद आहे माझ्याकडे, दर मीटर लांबीला किती अँपिअर ते काढून ताडून बघता येईल. आकडा तिच्या खूप खाली आला तर केबल बदलायचा इंडेंट (मागणीपत्र) मी स्वतः लिहीन. बीचं रॉकवूल मात्र त्याआधीच बदलायला घेतोय.