मदत हवी आहे: प्रकाशाने बदलणारा ५-एचटी३ अँटॅगोनिस्ट, फरक फक्त चौपट

नमस्कार मंडळी,

औषधरसायनात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. सेरोटोनिन रिसेप्टरांच्या सात घराण्यांत ५-एचटी३ एवढंच आयन चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातलं आयन ये-जा करू देणारं दार. केमोच्या उलट्यांवर देतात ते ऑनडॅन्सेट्रॉन यालाच अडवतं. अशाच एका अँटॅगोनिस्टच्या, म्हणजे रिसेप्टर अडवणाऱ्या रेणूच्या, दोन वलयांमधला जोड काढून मी तिथे अ‍ॅझो गट (दोन नायट्रोजनांचा दुहेरी बंध) बसवलाय. अंधारात रेणू सपाट, म्हणजे ट्रान्स. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी टाकला की तो वाकून सिस होतो. वाकलेला रेणू दोन सबयुनिटांमधल्या कप्प्यात बसू नये, अशी अपेक्षा होती.

पण आयसी५० (रिसेप्टरचा प्रतिसाद निम्मा करायला लागणारं प्रमाण) अंधारात ५० नॅनोमोलर, प्रकाशानंतर २००. सर म्हणतात, ही मालिका सोड, ऑर्थो जागी (वलयांवर नायट्रोजनच्या जोडाशेजारी) चार फ्लोरिन घाल.

मला ते पटत नाही. एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या मोजणीत) ३६५ नंतर ८० टक्के सिस दिसतो, म्हणजे २० टक्के ट्रान्स उरतोच. सिस पूर्ण निकामी असता तरी फरक पाचपटीच्या वर दिसलाच नसता! चौपटीवरून उलटं गणित केलं तर खरा फरक १६ पट निघतो. उरलेला ट्रान्स २२ टक्के धरला तर २६ पट. दोन टक्क्यांनी एवढी उलथापालथ होते, म्हणून कोणताच आकडा छातीठोकपणे सांगता येत नाही. आठ महिने या सिंथेसिसमध्ये गेलेत, चुकीच्या कारणासाठी ती टाकून द्यायची नाहीये. आधी काय तपासू?

प्रतिसाद १

गणित बरोबर आहे. पण वाचन कशावर घेता? कॅल्शियम डाय (पेशीत कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग), फ्लुओ-४ असेल तर तो ४८८ च्या आसपास उत्तेजित करतात, आणि सिस अ‍ॅझोबेंझिन तिथेही थोडा प्रकाश शोषून ट्रान्सकडे परततो. म्हणजे मोजतानाच तुम्ही रेणू उलटा फिरवताय. पेशींशिवाय, चाचणीच्याच बफरमध्ये प्लेट भरा, रीडर नेहमीसारखा चालवा आणि आधीचा-नंतरचा नमुना एचपीएलसीवर (सिस आणि ट्रान्स वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) टाका. डिटेक्टर आयसोबेस्टिक बिंदूवर (जिथे सिस आणि ट्रान्स सारखाच प्रकाश शोषतात) ठेवा, नाहीतर टक्केवारी फसवते. डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकातल्या एनएमआरचा आकडा पाण्यातल्या मायक्रोमोलर द्रावणाला लावू नका.

धागाकर्ती

दादा, फ्लुओ-४च आहे. काल करून पाहिलं: रीडरमध्ये जाण्याआधी सिस ७९ टक्के, दीड मिनिटाच्या वाचनानंतर ६१. सिग्नलचं शिखर पहिल्या दहा सेकंदांत येतं, म्हणून चौपट तरी दिसला असावा. फ्लोरिनचं काम सध्या थांबवलंय. आता लाल दिव्याखाली, ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेल्या ग्रॅनिसेट्रॉनने, म्हणजे याच रिसेप्टरला अडवणाऱ्या औषधाने, बाइंडिंग करणार आहे, त्यात वाचायला प्रकाशच लागत नाही. पुढे पॅच क्लॅम्पही (पेशीतून जाणारा विद्युतप्रवाह मोजणं) करायचाय. रिगवर ३६५ चा फायबर बसवलेलं कोणी आहे का? पेशीपाशी तीव्रता किती ठेवता, आणि किती वेळ दिल्यावर पेशी मरायला लागतात?